इंटरनेटच्या सांध्यांची कुवत कशी जोखावी?

वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यानाला आलेल्या श्रोत्यांपुढे तारा, यंत्रे आणि आकडे यांचा विषय मांडणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु हा विषय आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, परगावी राहणाऱ्या लेकीसुनांची भेट आणि रात्रीची करमणूक ही सारी ज्या तारेवरून घरात येतात, त्या तारेसाठी दरमहा पैसे मोजणाऱ्या गृहस्थाला तिच्याविषयी चार गोष्टी ठाऊक असाव्यात, असे आम्हांला वाटते.

आमच्याच घरची गोष्ट सांगून सुरुवात करतो. रात्री नऊच्या सुमारास परदेशातील मुलाशी बोलावयास बसलो की चित्र थिजे, आवाज तुटे, आणि निम्मे संभाषण ‘ऐकू येतंय का?’ ह्या प्रश्नातच संपे. सकाळी सहाला मात्र सर्व सुरळीत. आम्ही तक्रार केली. कंपनीचा मुलगा आला, भला होता. त्याने फोनवर वेगाची चाचणी लावून दाखविली आणि काटा ५० मेगाबिटला टेकला. “काका, बघा, तुमचा स्पीड पूर्ण येतोय,” असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. त्याच्याच सल्ल्याने आम्ही १०० मेगाबिटचा महाग प्लॅन घेतला. काटा १०० ला टेकू लागला. रात्री नऊला चित्र पूर्वीसारखेच थिजत राहिले.

वेग दुप्पट झाला, पैसे वाढले, पण दुखणे हलले नाही, ह्याचा अर्थ दुखणे आमच्या घरच्या तारेत नव्हते. ते कोठे असू शकते, ह्याचा शोध आम्हांला एका अशा जागी घेऊन गेला की जिचे नाव कोणत्याही जाहिरातीत किंवा बिलावर येत नाही. ती जागा म्हणजे एका कंपनीचे जाळे जेथे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याला मिळते तो सांधा. ह्या सांध्याची कुवत कशी जोखावयाची, हाच आजचा विषय.

जाळ्यांचे जाळे

इंटरनेट ही एका मालकाची वस्तू आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. जगात सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी आहेत. कोणी घरोघर तार पोहोचविते, कोणी खंडाखंडांमधून माल वाहून नेते, कोणी चित्रपटांचा साठा बाळगते. यांतील प्रत्येक जाळे दुसऱ्या काही जाळ्यांना जोडलेले असते, आणि अशा जोडण्यांमुळेच आपले पत्र कोठूनही कोठेही जाऊ शकते.

ह्या जोडण्या मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात लहान जाळे मोठ्या जाळ्याला पैसे देते आणि म्हणते, ‘माझी वाहतूक सगळ्या जगाशी पोहोचती कर.’ ह्याला ट्रान्झिट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दोन तुल्यबळ जाळी परस्परांत ठरवितात की, ‘तुझ्या गिऱ्हाइकांचा माल मी माझ्या गिऱ्हाइकांपर्यंत नेतो, माझा तू ने, पैशाची देवघेव नको.’ ह्याला पीअरिंग म्हणतात. दोन्हींत प्रत्यक्ष सांधा अगदी साधा असतो. एकाच इमारतीत दोन कंपन्यांची राउटर नावाची यंत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये काचतंतूची तार असते. कित्येकदा तारेची लांबी ह्या मांडवाच्या लांबीहून जास्त नसते. जेथे पुष्कळ कंपन्या एकाच ठिकाणी येऊन परस्परांना जोडल्या जातात, त्या जागेस विनिमयकेंद्र म्हणतात. आपल्या देशात ‘निक्सी’ ही अशी केंद्रे चालविणारी संस्था २००३ साली स्थापन झाली. त्यापूर्वी एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाचा निरोप दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाकडे जाताना अनेकदा परदेशाची वारी करून येई, कारण दोघींचा सांधा देशात नव्हताच!

सांध्याचे महत्त्व जुन्या उदाहरणाने लवकर ध्यानात येईल. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचा रूळ अडीच फुटी, आणि कुर्डुवाडीला तिला मिळणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचा रूळ साडेपाच फुटी. कंपन्या दोन, रूळ दोन. १९०६ साली ही छोटी गाडी पंढरपूरपर्यंत गेली. मुंबई-पुण्याकडचा वारकरी मोठ्या गाडीने कुर्डुवाडीस येई, तेथे उतरे आणि छोट्या गाडीत जागा शोधी. आता तेथील मार्ग रुंद रुळांचे झाले आहेत. पण त्या काळी मुंबईहून कितीही मोठी गाडी सोडली, तरी पंढरपूरला किती माणसे पोहोचणार हे कुर्डुवाडीच ठरवी. आणि कुर्डुवाडीची कुवत पुरेशी आहे की नाही, हे वर्षाच्या सरासरीवरून कळण्यासारखे नव्हते. ते आषाढीच्या आठवड्यातच कळावयाचे. ही दोन सूत्रे, म्हणजे प्रवासाची कुवत सांधा ठरवितो आणि सांध्याची परीक्षा गर्दीच्या वेळी होते, श्रोत्यांनी मनात धरली, तर पुढचे सारे सोपे आहे.

पाटीवरचा आकडा

सांध्याची कुवत सांगण्याची पहिली रीत म्हणजे तारेच्या टोकाशी असलेल्या पोर्टचा आकडा सांगणे. असे पोर्ट बहुधा १० गिगाबिट किंवा १०० गिगाबिटचे असतात; म्हणजे सेकंदाला तितका माल त्यातून जाऊ शकतो. १० गिगाबिट म्हणजे १०,००० मेगाबिट. आकडा ऐकून छाती दडपते. पण स्वच्छ चित्राच्या एका चित्रपटाला सुमारे ५ मेगाबिट लागतात असे धरले, तर ह्या भव्य दरवाज्यातून एका वेळी २,००० चित्रपटच जाऊ शकतात.

आता समजा, एका गावात एका कंपनीची २०,००० गिऱ्हाइके आहेत आणि रात्री नऊ वाजता दर पाच घरांपैकी एका घरात बाहेरच्या एकाच साठ्यावरून चित्रपट चालू आहे. म्हणजे ४,००० घरे, आणि मागणी २० गिगाबिट. सांधा १० गिगाबिटचा असेल, तर निम्मा माल दाराबाहेर तिष्ठत राहणार. अशा वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाने ५० चा १०० मेगाबिट प्लॅन घेतला, तरी दरवाजा एक बोटभरही रुंदावत नाही. घरचा नळ मोठा केल्याने टाकीचे पाणी वाढत नाही, हे आपल्या गृहिणींना कोणी शिकवावयास नको.

तेव्हा पाटीवरचा आकडा एकटा निरर्थक आहे. त्याच्यासमोर गर्दीच्या वेळची मागणी मांडली, तरच त्याला अर्थ येतो. ही मागणी मोजतात कशी, ते आता पाहू.

सरासरीचा फसवेपणा

सांध्यावरची वाहतूक मोजण्याची रूढ पद्धत अशी. दर पाच मिनिटांनी राउटरला विचारावयाचे की, आतापर्यंत किती माल गेला? ह्या उत्तरातून मागचे उत्तर वजा केले की पाच मिनिटांचा हिशेब निघतो. असे आकडे आलेखावर मांडणारे एमआरटीजी नावाचे साधन टोबियास ओटिकर यांनी १९९५ साली तयार केले, आणि तेव्हापासून दिवसा चढणारी व पहाटे उतरणारी ती डोंगराची आकृती जगभरच्या कंपन्यांत ओळखीची झाली. ह्या आलेखाने मोठे काम केले, परंतु तो वाचताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत पाच मिनिटांच्या आतच दडलेली आहे. पाच मिनिटांतील अडीच मिनिटे तार तुडुंब आणि अडीच मिनिटे रिकामी असली, तरी आलेख म्हणतो, ‘पन्नास टक्के वापर, काळजी नको.’ त्या अडीच मिनिटांत ज्यांचे बोलणे तुटले, त्यांची नोंद कोठेच होत नाही.

दुसरी फसगत दिवसाच्या सरासरीची. पहाटे तीन वाजता रिकाम्या असलेल्या तारेचा रात्री नऊच्या माणसाला काय उपयोग? दुपारी रिकामी धावलेली एस. टी. संध्याकाळी लोंबकळणाऱ्या उतारूंच्या कामी येत नाही.

तिसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. ट्रान्झिटचे बिल पुष्कळ ठिकाणी ‘पंचाण्णव टक्के’ ह्या रीतीने आकारतात. ३० दिवसांत पाच मिनिटांची ८,६४० मापे होतात. त्यांतील सर्वांत मोठी पाच टक्के, म्हणजे ४३२, बाजूला काढावयाची आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या मापावर बिल करावयाचे. बिलासाठी ही रीत समंजस आहे, कारण एखाद्या दिवसाच्या आकस्मिक गर्दीचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसत नाही. पण बाजूला काढलेली ४३२ मापे म्हणजे ३६ तास, आणि ३६ तास तीस दिवसांवर वाटले तर रोजचा एक तास बारा मिनिटे होतात. म्हणजे एखादा सांधा रोज रात्री तासभर गुदमरत असला, तरी ह्या आकड्यात त्याचा मागमूसही न उमटण्याचा संभव आहे. बिलाचे माप निराळे आणि कुवतीचे माप निराळे. एकाचे काम दुसऱ्यावर सोपविणे म्हणजे दुधाच्या मापाने कापड मोजणे होय.

ह्या फसवेपणाचा एक बोलका पुरावा २०१४ च्या मे महिन्यात अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लेव्हल थ्री ही खंडोखंडी वाहतूक करणारी मोठी कंपनी. पुढे २०१७ साली ती सेंच्युरीलिंक कंपनीत विलीन झाली. तिने आपल्या पीअरिंगच्या सांध्यांचे आकडे स्वतःच मांडले. ५१ कंपन्यांशी पीअरिंग, ४५ शहरांत १० गिगाबिटचे १,३६० हून अधिक पोर्ट, आणि ह्या सर्वांचा सरासरी वापर फक्त ३६ टक्के! हा आकडा वाचून कोणीही म्हणेल की, दोन-तृतीयांश जागा मोकळी आहे. परंतु त्याच लेखात पुढे आहे की, ५१ पैकी १२ कंपन्यांशी असलेले काही पोर्ट सरासरी ९० टक्के भरलेले होते, आणि सरासरीच ९० टक्के म्हटल्यावर ते रोज कित्येक तास ओसंडून वाहत होते. त्या १२ पैकी सहा ठिकाणी एकेकच पोर्ट भरला होता आणि तो वाढविण्याचे काम चालू होते. उरलेल्या सहा कंपन्यांशी असलेले जवळजवळ सर्वच सांधे वर्षाहून अधिक काळ तुंबलेले होते. त्यांतील पाच कंपन्या अमेरिकेतील आणि एक युरोपातील.

एकूण सरासरी ३६ टक्के, आणि तरीही लाखो घरांत रोज रात्री चित्र थिजत होते! नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे असे ऐकून पाण्यात उतरणाऱ्याची जी गत होईल, तीच सर्व सांध्यांची सरासरी काढून निश्चिंत होणाऱ्याची होते. सांधा हा एकेक करूनच पाहावयाचा असतो.

भरलेला सांधा कसा वागतो

येथे एक शंका रास्त आहे. तार ९० टक्के भरली, तर दहा टक्के रिकामीच आहे ना? मग बिघडले कोठे?

ह्याचे उत्तर रांगेच्या गणितात आहे. १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी ह्या शास्त्राचा पाया घातला. गिऱ्हाइके ठरलेल्या अंतराने येत नाहीत, कधी एकदम चार येतात, तर कधी कोणीच नाही. म्हणून खिडकी पुरती व्यापण्याच्या पुष्कळ आधीच रांग वाढू लागते. अगदी सोप्या गृहीतावर हिशेब केला, तर खिडकी ५० टक्के व्यापलेली असताना कामाला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दसपट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. हजारो घरांची मिसळलेली वाहतूक ह्या हिशेबापेक्षा काहीशी शांत असते हे खरे. पण टोकाशी पोहोचल्यावर तिचीही गत हीच होते.

राउटरपाशी रांगेसाठी थोडी जागा असते. ती भरली की पुढे येणारे मालाचे गाठोडे, ज्याला पॅकेट म्हणतात, सरळ टाकून दिले जाते. पाठविणारे यंत्र हरवलेले पॅकेट पुन्हा पाठविते आणि रस्ता भरला आहे असे समजून आपला वेगही कमी करते. ह्या सौजन्याची किंमत मोठी आहे. जुन्या प्रचलित पद्धतीच्या एका जोडणीचा हिशेब असा की, जाऊन येण्यास ५० मिलिसेकंद लागत असतील आणि शंभरात एकच पॅकेट हरवत असेल, तर वेग अडीच-तीन मेगाबिटांवर येतो. दहा हजारांत एक हरवत असेल, तर तोच वेग त्याच्या दसपट राहतो. शंभर पोत्यांमागे एक पोते हरवले तर व्यापारी म्हणेल, एक टक्का घट, चालावयाचेच. येथे मात्र त्या एका टक्क्याने सारी गाडीच रखडते. नव्या पद्धती ह्या बाबतीत अधिक सोशिक आहेत. पण पुरता भरलेला सांधा त्यांनाही मोकळा करता येत नाही.

म्हणून जाणती मंडळी सांधा भरेपर्यंत थांबत नाहीत. त्यात दुसरेही एक कारण आहे. समजा, दोन कंपन्यांमध्ये सारख्या कुवतीच्या दोन तारा आहेत आणि गर्दीच्या वेळी प्रत्येक ६० टक्के भरते. चित्र उत्तम दिसते. पण एक तार तुटली, तर दुसरीवर १२० टक्क्यांचा भार येतो. याचा अर्थ ह्या जोडीची खरी कुवत पहिल्यापासूनच अपुरी होती. केवळ तार तुटली नव्हती म्हणून ते दिसले नाही. जोडीच्या तारांपैकी प्रत्येक गर्दीच्या वेळी निम्म्याच्या आत असली, तरच ती जोडी एक तार गमावूनही सर्वांना पुरते.

बाहेरून नाडी पाहणे

कंपनीच्या आतल्या माणसाला राउटर विचारता येतो. आपण बाहेरचे. कंपन्या हे आकडे क्वचितच दाखवितात. मग बाहेरून सांध्याची परीक्षा होते की नाही? वैद्य पोट न फाडता नाडीवरून रोग ओळखतो, तशी एक रीत संशोधकांनी बसविली आहे.

कॅलिफोर्नियातील केडा ही संशोधनसंस्था आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था येथील अभ्यासकांनी २०१४ साली ती मांडली. सांध्याच्या अलीकडच्या राउटरला आणि पलीकडच्या राउटरला काही मिनिटांच्या अंतराने सतत हाक मारावयाची आणि ‘ओ’ यावयास किती वेळ लागतो तो टिपावयाचा. अलीकडच्याचे उत्तर दिवसरात्र सारख्याच वेळात येते, पण पलीकडच्याचे उत्तर रोज संध्याकाळी लांबते आणि मध्यरात्रीनंतर पूर्ववत होते, असे दिसले की ओळखावे, रांग दोहोंच्या मधल्या सांध्यावर लागलेली आहे. उत्तर परतीला दुसऱ्याच वाटेने येत असेल तर हा कयास चुकू शकतो, म्हणून वाटेची खात्री आधी करून घ्यावी लागते.

दुसरी रीत तुलनेची. एम-लॅब ह्या मापनसंस्थेने २०१४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिचा चांगला नमुना आहे. न्यूयॉर्कमध्ये कोजेंट ह्या वाहतूक कंपनीच्या जाळ्यावर एक मापनस्थान होते. कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल आणि व्हेरायझन यांच्या ग्राहकांना तेथवरचा वेग संध्याकाळी अगदी खालावलेला दिसे. आता दोष कोजेंटच्या आतला असता, तर केबलव्हिजन ह्या चौथ्या कंपनीच्या ग्राहकांनाही तो जाणवला असता. त्यांना जाणवला नाही. दोष ग्राहकांच्या कंपन्यांच्या आतला असता, तर त्याच ग्राहकांना त्याच शहरातील दुसऱ्या वाहतूक कंपनीच्या स्थानापर्यंतही अडथळा आला असता. तोही आला नाही. दोन्ही बाजूंची निर्दोषता अशी सिद्ध झाल्यावर उरतो तो मधला सांधा. आरोपीला वगळत वगळत खऱ्या जागी पोहोचण्याची ही न्यायालयीन पद्धतच म्हणावयाची.

ह्याच प्रकरणात मापन करणाऱ्यांना एक धडाही मिळाला. कोजेंटने २०१४ च्या फेब्रुवारीपासून, सांधा तुंबलेला असताना काही प्रकारच्या वाहतुकीला अग्रक्रम द्यावयास सुरुवात केली होती, हे मागाहून उघड झाले. मापनाची वाहतूक त्या पसंतीच्या वर्गात गेल्यामुळे मापनाचे आकडे सुधारलेले दिसू लागले. पण त्यावरून सांधा रुंदावला असे मात्र म्हणता येत नव्हते. पाहणीस आलेल्या पाहुण्याला पहिल्या पंक्तीत बसविले, तर शेवटच्या पंक्तीत काय वाढले गेले हे त्याला कळणार कसे?

आता आमच्या घरच्या काट्याचा उलगडा होईल. वेगाची चाचणी ज्या सर्व्हरशी होते, तो पुष्कळदा आपल्याच कंपनीच्या जाळ्यात किंवा तिच्या अगदी शेजारी असतो. घरापासून वेशीपर्यंतचा रस्ता ती चाचणी मोजते, आणि तो रस्ता उत्तमच असतो. खोळंबा वेशीवर असतो, आणि तेथवर चाचणी जातच नाही.

जागा नसणे आणि जागा न करणे

आता ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो. सांधा भरला, तर तो वाढवीत का नाहीत? तार तोकडी, पोर्टचा खर्च मोठ्या कंपनीच्या मानाने किरकोळ, मग वर्षवर्ष तुंबारा का राहावा?

२०१४ च्या जुलैमध्ये लेव्हल थ्री आणि व्हेरायझन यांच्यात ह्याच मुद्द्यावर जाहीर वाद झाला. व्हेरायझनने लॉस एंजेलिसमधील जोडणीचे चित्र प्रसिद्ध करून दाखविले की, आमच्या जाळ्यात भरपूर जागा आहे, गर्दी आहे ती लेव्हल थ्रीकडून येणाऱ्या सांध्यावर. लेव्हल थ्रीने उत्तर दिले की, हे तर आम्हीही म्हणतो! दोन्ही जाळ्यांत जागा आहे. दोहोंमध्ये आणखी काही पोर्ट जोडले की काम पाच मिनिटांचे आहे, आणि हवे तर व्हेरायझनच्या यंत्रासाठी लागणारी साधनेही आम्ही विकत घेऊन देतो. व्हेरायझनची बाजूही ऐकली पाहिजे. पीअरिंगचा करार देवघेव साधारण बरोबरीची असेल ह्या समजुतीवर झालेला असतो. चित्रपटांमुळे एकाच बाजूने माल ओतला जाऊ लागल्यावर ती बरोबरी राहिली नाही, तेव्हा जास्त पाठविणाऱ्याने पैसे द्यावेत, असे तिचे म्हणणे. उलट पक्ष म्हणे, हा माल आम्ही ढकलीत नाही. तुमचेच ग्राहक तो मागतात आणि त्याबद्दल तुम्हांला पैसेही देतात.

नेटफ्लिक्स आणि कॉमकास्ट यांच्यातील वाद ह्याच जातीचा होता. २०१४ च्या २३ फेब्रुवारीस दोघांनी थेट जोडणीचा करार जाहीर केला; नेटफ्लिक्सने पैसे द्यावयाचे ठरले. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे कॉमकास्टच्या ग्राहकांना मिळणारा सरासरी वेग जानेवारीत १.५१ मेगाबिट होता, तो मार्चमध्ये २.५ मेगाबिट झाला. ग्राहकाच्या घरची तार तीच, त्याचा प्लॅन तोच. बदलला तो फक्त सांधा.

ह्या दोन प्रकरणांवरून आमचा निष्कर्ष असा की, सांध्याची कुवत ही निसर्गाने घातलेली मर्यादा नव्हे. ती दोन पक्षांनी मिळून केलेली, किंवा न केलेली, निवड आहे. म्हणूनच ती जोखताना ‘किती भरला आहे?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किती दिवसांपासून भरलेला आहे?’ हेही विचारले पाहिजे. महिनाभर भरलेला सांधा म्हणजे अंदाज चुकला. वर्षभर भरलेला सांधा म्हणजे कोणीतरी तो तसा ठेवला आहे. आणि त्या भांडणात ज्याचा आवाज तुटतो तो गृहस्थ कोणत्याच पक्षात नसतो.

आजची स्थिती आणि नागरिकाचे काम

हे चित्र कायमचे तसेच राहिले असे मात्र कोणी समजू नये. वर सांगितलेल्या संशोधकांनी २०१६ च्या मार्चपासून २०१७ च्या डिसेंबरपर्यंत अमेरिकेतील आठ मोठ्या कंपन्यांचे सांधे तपासले आणि सार्वत्रिक, कायमचा तुंबारा आढळला नाही असे २०१८ साली नमूद केले. काही सांधे मात्र पुन्हा पुन्हा भरत होते. मध्यंतरी करार झाले, पोर्ट वाढले, आणि साठेही घराजवळ आले. नेटफ्लिक्सने २०१२ पासून आपल्या चित्रपटांच्या साठ्याची यंत्रे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवण्याची योजना सुरू केली. इतरांचीही अशी यंत्रे आहेत. धान्य गावच्या कोठारातच असेल, तर नाक्यावर गाड्यांची रांग लागत नाही. म्हणून आज एखाद्या कंपनीची कुवत पाहताना तिच्या सांध्यांबरोबर तिची कोठारेही पाहावी लागतात. मात्र मुलाशी बोललेला शब्द कोठारात ठेवता येत नाही. त्याला सांधा ओलांडावाच लागतो.

आपल्या देशातही ही दृष्टी परकी नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँडच्या गुणवत्तेसाठी जी नियमावली केली, तिच्यात कंपनीच्या आतल्या आणि पुढे जोडणाऱ्या तारांचा वापर गर्दीच्या वेळी ८० टक्क्यांच्या आत असावा. ९० टक्क्यांपलीकडे गेला तर तुंबारा समजावा आणि महिन्याच्या आत कुवत वाढवावी, असे घातले होते. तिची जागा २०२४ साली नव्या नियमावलीने घेतली आहे. परंतु २००६ च्या त्या नियमात ‘गर्दीच्या वेळी’ हे जे शब्द होते, त्यांत ह्या व्याख्यानाचे निम्मे सार आले.

आता आपण काय करावे? पहिले म्हणजे महाग प्लॅन घेण्याची घाई करू नये. आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी, सकाळी सहाला आणि रात्री नऊला. चाचणीच्या साधनात सर्व्हर निवडण्याची सोय असेल तर एकदा आपल्या कंपनीचा आणि एकदा दुसऱ्या जाळ्यातील, लांबच्या शहरातील सर्व्हर निवडावा. शक्य तर तार थेट संगणकाला जोडून पाहावे, म्हणजे घरातल्या भिंतींचा दोष कंपनीच्या माथी जाणार नाही. दोन्ही सर्व्हर रात्री मंदावत असतील, तर गर्दी बहुधा गल्लीतच आहे. जवळचा ठणठणीत आणि लांबचा रात्रीच मंद असेल, तर गर्दी पुढे कोठेतरी, बहुधा सांध्यावर आहे. शेजारी दुसऱ्या कंपनीचे गिऱ्हाईक असेल, तर त्याची नोंद आपल्या नोंदीशेजारी मांडावी. एम-लॅबने केले ते याहून फारसे निराळे नव्हते.

आणि मग कंपनीला वेग विचारू नये, चार प्रश्न विचारावेत. आपले जाळे कोणकोणत्या जाळ्यांशी आणि किती ठिकाणी जोडलेले आहे? त्यांतील प्रत्येक सांधा गर्दीच्या तासाला किती भरतो? एक तार तुटली तर उरलेल्या पुरतील का? आणि किती भरल्यावर आपण नवी तार जोडता? उत्तरे लगेच मिळतील अशा भ्रमात आम्ही नाही. परंतु एका गावातील पन्नास माणसे नोंदवही हातात घेऊन तेच चार प्रश्न विचारू लागली, तर ‘काका, स्पीड पूर्ण येतोय’ ह्या उत्तरावर वेळ मारून नेणे कठीण होईल.

आमची स्वतःची नोंदवही आम्ही तीन आठवडे ठेवली आणि तक्रारीसोबत जोडली. दोषाची कबुली कोणी दिली नाही. पण काही दिवसांनी रात्री नऊचे बोलणे सुरळीत होऊ लागले. ते आमच्या नोंदीमुळे झाले, की कोणी त्याच सुमारास एक तार वाढविली, हे सांगण्यास आमच्यापाशी पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून श्रेय घेऊ नये. ५० मेगाबिटच्या जुन्या प्लॅनवर मात्र आम्ही परत आलो आहोत, आणि मुलाचा शब्द न् शब्द ऐकू येतो.